ध्वनियुक्त स्तब्धता

कादंबऱ्यांतली माणसं मरताना लक्षात राहतील अशी वाक्यं बोलतात. आमच्या बाबांचं शेवटचं वाक्य होतं, "पंखा जरा कमी कर." पण त्याच्या आदल्या दिवशी, दवाखान्यात उशीला टेकून बसलेले असताना, ते मला म्हणाले होते, "नंतर लोक जमतील. भाषणं नकोत. आमचं गाणं होऊ दे."

मी "हो" म्हटलं. दवाखान्यात माणूस कशालाही हो म्हणतो. इथे सही करा, हो. बाहेर थांबा, हो. रक्त पुन्हा घ्यावं लागेल, हो. त्या रांगेतलंच हेही एक हो. पण बाकीचे सगळे हो दवाखान्यातच राहिले आणि हे एकटं माझ्याबरोबर घरी आलं.

गाणं कुठलं, ते सांगायला हवं. बाबा पाणीपुरवठा खात्यात आराखडे काढायचे. तरुण असताना त्याच खात्यातल्या चौघांनी मिळून एक बँड काढला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं 'गळती'. हे नाव त्या चौघांना भयंकर विनोदी वाटायचं. साहेबांना ते अजिबात विनोदी वाटलं नाही, म्हणून गळती खात्याच्या स्नेहसंमेलनात एकदा झाली आणि कायमची थांबली. खात्याच्या इतिहासात थांबलेली ती बहुधा एकमेव गळती असावी. हा बँड सॉफ्ट रॉक वाजवायचा. सॉफ्ट रॉक म्हणजे काय, असं मी लहानपणी विचारलं होतं तेव्हा बाबा म्हणाले होते, "रॉकच, पण शेजाऱ्यांना त्रास होणार नाही असा."

गळतीचं स्वतःचं असं एकच गाणं. शब्द बाबांचे, चालही बाबांची. त्याचं धृपद असं:

तुझी चाल तुला, माझी चाल मला,
रस्ता जरी आपला एक;
तू पुढे गेलास तर हात हलव,
मी मागे राहिलो तर हाक नको.

बाबा दाढी करताना हे गायचे. फेस तोंडात जाऊ नये म्हणून 'हलव' आणि 'हाक' हे दोन्ही शब्द ते अर्धवट उच्चारायचे, त्यामुळे बरीच वर्षं मला ते 'अलव' आणि 'आक' असे कुठल्यातरी परक्या भाषेतले शब्द वाटत होते.

गाणं लावायचं, त्यात काय अवघड, असं कुणालाही वाटेल. कपाटात कॅसेट होती. तिच्यावर बाबांच्या तिरक्या अक्षरात 'गळती' असं लिहिलेलंही होतं. कॅसेट वाजवायचं यंत्र फक्त शेजारच्या काकूंकडे उरलं होतं. काकूंनी ते आनंदानं दिलं आणि त्याच्यासोबत स्वतःही आल्या. काकू कुठलीही वस्तू उसनी देताना सल्ल्याशिवाय देत नाहीत.

"शोकसभेत गाणं?" त्या सोफ्यावर टेकत म्हणाल्या. "लावा बापडे. पण हळू आवाजात लावा. आणि ड्रम असले तर ते काढून टाकता येतात का बघा."

माझा मोठा भाऊ कंपनीत प्रकल्प सांभाळतो. त्यामुळे घरात काहीही घडलं की त्याचा प्रकल्प होतो. दादानं आधीच सभेचा तक्ता काढून ठेवला होता, त्यात 'गाणं' या शब्दापुढे त्याचं नाव होतं आणि 'भावना' या शब्दापुढे माझं. त्यानं बटण दाबलं. खरखर झाली, मग गिटार, मग ड्रम, आणि मग बाबांचा आवाज. पंचविशीतला. मी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. माझ्या ओळखीचा आवाज याच्या कितीतरी नंतरचा होता. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"तुझी चाल तुला, माझी चाल..."

खट्ट.

"सूर्यमालेतील सर्वांत मोठा ग्रह गुरू होय," एका लहान मुलानं खणखणीत आवाजात सांगितलं. "गुरूला अनेक उपग्रह आहेत. गुरूवर मोठमोठी वादळे होतात."

आम्ही सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादा यंत्राकडे बघत होता.

"तू बाबांच्या गाण्यावर ग्रह भरलेस?" मी म्हटलं.

"वक्तृत्व स्पर्धा होती माझी! सराव करायचा होता. कॅसेटवर 'गळती' लिहिलंय, मला वाटलं ऑफिसचं काहीतरी असेल."

"ऑफिसचं काय असेल कॅसेटवर?"

"गळतीचा आवाज! नळ कुठे गळतोय ते कळायला टेप करत असतील. मी दहा वर्षांचा होतो गं!"

"बाबांना माहीत होतं हे?"

उत्तर आईनं दिलं. ती दारात उभी राहून टॉवेलाच्या घड्या घालत होती. "माहीत होतं की. पूर्ण ऐकली त्यांनी कॅसेट. म्हणाले, शनीपाशी जरा अडखळलाय, बाकी छान."

दादा उठून बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून बसला. काकूंनी यंत्र काखेत मारलं. "झालं ते बरंच झालं," त्या म्हणाल्या. "ग्रहांना कुणी नावं ठेवणार नाही. तेच लावा."

मी हो म्हणून बसले होते आणि गाणं जगातून पुसलं गेलं होतं. ज्याला ते गाणं नीट येत होतं त्या माणसाचीच सभा होती. मग सुचलं, की गळतीतले दोघं अजून आहेत. दादानंही बाहेर येऊन लगेच तक्त्यात दुरुस्ती केली. आता 'गाणं'पुढेही माझं नाव आलं.

ड्रमकाका बुटके, चपळ, कानात श्रवणयंत्र. बेसकाका उंच, सावकाश, गुडघा नवा बसवलेला. बेसगिटारसोबत त्यांनी एक कपाटाएवढा ध्वनिवर्धक आणला होता. दोघं आमच्या बैठकीच्या खोलीत बसले, बाबांच्या खुर्चीकडे एकदा पाहिलं, दोघांनीही घसे खाकरले, आणि नंतर पहिल्या मिनिटापासून भांडायला लागले.

"गाणं जलद आहे," ड्रमकाका म्हणाले.

"संथ आहे," बेसकाका म्हणाले.

"स्नेहसंमेलनात जलद झालं होतं."

"कारण तू पळत सुटला होतास! आम्ही तिघं तुला पकडत होतो. साहेब म्हणाले पण मला नंतर, ते बुटके गृहस्थ कुठे निघाले होते?"

"काका, चाल नक्की कशी होती?" मी मध्ये पडले.

"माझ्याच चालीनं होती," दोघंही एकदम म्हणाले.

मग तिसरं कडवं. ड्रमकाकांच्या मते गाण्याला तिसरं कडवं होतं, पण त्यांना ते आठवत नव्हतं. बेसकाकांच्या मते तिसरं कडवं कधीच नव्हतं, आणि ते त्यांना अगदी स्पष्ट आठवत होतं. ज्या गाण्यात ज्याला जसं चालायचं तसं चालू द्या असं म्हटलंय, त्या गाण्यावरून दोन सुशिक्षित निवृत्त माणसं एकमेकांना बोटं दाखवत होती. मी पाणी आणायला आत गेले. तहान कुणालाच नव्हती, पण स्वयंपाकघराला दार आहे.

गाणार कोण, हा प्रश्न त्याहून वाईट निघाला. गायचे ते बाबाच. ड्रमकाकांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता आणि बेसकाकांना दम पुरत नव्हता. दादानं, "मी ग्रह म्हटलेत, माझं झालं," असं म्हणून अंग काढून घेतलं. शेवटी मी म्हणून दाखवलं. संपल्यावर दोघं थोडा वेळ गप्प राहिले. माणसं कौतुक करण्यापूर्वी अशी गप्प होतात, असं मी वाचलं होतं.

"अगदी बाबांवर गेली आहेस," ड्रमकाका म्हणाले.

"आवाज?" मी आशेनं विचारलं.

"नाही. धाडस."

ज्या घरातला माणूस नुकताच गेलाय त्या घरातल्या मुलीशी लोक सांभाळून बोलतात असा माझा समज होता. तो त्या संध्याकाळी गेला.

या गडबडीत आई खोलीत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. ती गॅलरीत कुंड्यांपाशी उभी होती. पाणी घालून कधीच झालं होतं.

"आई, तुला तर रोज ऐकून गाणं पाठ असेल. तिसरं कडवं आहे का गं?"

"विचारू नकोस मला त्या गाण्याचं."

मला वाटलं तिला रडू येतंय. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं, डोळे कोरडे होते.

"मला ते गाणं आवडत नाही," ती म्हणाली.

"आत्ता ऐकवत नाही, असं म्हणायचंय का तुला?"

"छे. कधीच आवडलं नाही. नुसतं आपलं तुझी चाल, माझी चाल. आणि ते गिटार म्हणजे कुणीतरी डबा उघडायचा प्रयत्न करतंय असं वाटतं."

"बाबांना सांगितलं होतंस?"

"लग्नाआधीच. त्यांनी मला ऐकवायला म्हणून बोलावलं होतं, तेव्हाच सांगितलं."

"मग?"

"मग काय? लग्न झालं. ते गायला लागले की मी इथे यायचे. त्यांना गायला मिळायचं, मला हवा मिळायची." ती एका पानावरची धूळ पुसायला लागली. "सभेला मी येईन. पण गाणं सुरू झालं की उठून बाहेर जाईन. आधीच सांगून ठेवते."

"आई, लोक काय म्हणतील? तू पहिल्या रांगेत असशील!"

"मग शेवटच्या रांगेत बसव."

"अगं, पण तेवढ्यापुरतं बसलीस तर..."

"त्यांनी मला कधी बस म्हटलं नाही," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिथे बोलणं संपलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते विचारू नये. मला सभा डोळ्यांपुढे दिसायची: हॉल भरलाय, मी तोंड उघडतेय आणि गेलेल्या माणसाची बायको उठून चालती होतेय. गाणं रद्द करावं तर बाबांना दिलेलं हो मोडतं. करावं तर आईचा तमाशा होतो. मी रोज सकाळी एक निर्णय घ्यायचे आणि संध्याकाळी तो मला पटायचा नाही. काकूंना हे कसं कळलं कुणास ठाऊक, पण त्यांना कळलेलं नाही असं आमच्या जिन्यात काही उरत नाही. त्यांनी उपाय आणला.

"तिला मधोमध बसवा. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तुझा दादा. गुडघ्याला गुडघे लावून. उठायला वाटच मिळाली नाही तर माणूस कुठे जाईल?"

दादानं तक्त्यात लगेच 'आसनव्यवस्था' असा रकाना काढला. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दवाखान्यानंतर मी या बाबतीत सावध झाले होते.

तोवर हॉल अजून मिळालेला नव्हताच. हॉल वसाहतीचा, आणि वसाहतीचे सेक्रेटरी म्हणजे बाबांचे जुने वैरी. कारण आमची गॅलरी. सगळ्या गॅलऱ्यांना राखाडी रंग हवा असा नियम आहे आणि आमची गॅलरी पिवळी आहे. साधी पिवळी नाही. रस्त्यावर काम चालू असलं की इशाऱ्याचा फलक लावतात ना, तशी पिवळी. त्या रंगावरून बाबांनी प्रत्येक वार्षिक सभेत भांडण केलं होतं. नोटिसा आल्या, त्यांना उत्तरं गेली, पण रंग राहिला.

मी अर्जात 'कार्यक्रमाचे स्वरूप' या ठिकाणी 'शोकसभा व गाणे' असं लिहिलं होतं. सेक्रेटरींनी ते वाचून पेन खाली ठेवलं.

"हे दोन्ही एकत्र बसत नाही."

"का काका?"

"शोकसभेला हॉल लगेच देता येतो. गाणं आलं की तो मनोरंजनाचा कार्यक्रम होतो. त्याला सगळ्या सभासदांची ना-हरकत लागते."

"पण हे मनोरंजन नाही."

"म्हणजे वाईट गाणार आहात?"

"नाही, चांगलंच म्हणायचा प्रयत्न करू."

"मग मनोरंजनच झालं की."

"आणि वाईट म्हटलं तर?"

"तर उपद्रव. त्याला तर परवानगीच नाही." ते टेबलावर वाकले. "बोल काय आहेत?"

मी कागद पुढे केला. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि त्यांचे कान लाल झाले.

"तुझी चाल तुला. ही कुणाची चाल?"

"चाल म्हणजे चालणं, काका. ज्याची त्याची चालण्याची पद्धत. शिवाय गाण्याची चाल, असाही त्यात..."

"चाल म्हणजे काय ते मला कळतं. चाल म्हणजे डाव. तुझ्या वडिलांनी आयुष्यभर माझ्याशी चाली खेळल्या. आता गेल्यावर माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच खुर्च्यांवर बसून लोकांनी त्या ऐकायच्या?"

"डाव हा अर्थ इथे नाही हो."

"शब्दकोशात आहे."

"शब्दकोशात आहे, गाण्यात नाही. हे गाणं तुमच्या-आमच्या वसाहतीच्याही आधीचं आहे. तेव्हा ते तुम्हाला ओळखतही नव्हते."

हे त्यांना पटलं, पण आवडलं नाही. आपल्यावर कुणी गाणं केलेलं नाही हे कळल्यावर माणूस थोडा खचतो, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. त्यांनी उरलेल्या ओळी ओठ हलवत वाचल्या. मग कागद उलटा ठेवून खिडकीबाहेर पाहिलं. तिथून आमची गॅलरी दिसते. गावात कुठूनही दिसते.

"एक सांगू का तुला? मागच्या सभेनंतर मी त्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, खरं सांगा, तुम्हाला तरी आवडतो का हो तो रंग? तर म्हणाले, 'छे, डोळ्यांत खुपतो. सकाळी तिकडे बघवत नाही.' मी म्हटलं, मग भांडता कशाला? तर म्हणाले, 'गॅलरी तिची आहे.'"

बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते सेक्रेटरींशी बोलण्यासारखं नव्हतं.

"शोकसभेत काय काय चालतं?" थोड्या वेळानं मी विचारलं.

"प्रतिमेला वंदन, आदरांजली, दोन मिनिटं स्तब्धता."

"स्तब्धता किती शांत असावी असा काही नियम?"

सेक्रेटरींनी वसाहतीची नियमावली उघडली. पानं उलटली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक वेगळाच आनंद पसरला. नियम पाळणाऱ्या माणसाला नियमातच फट सापडली की होतो तसा. "नाही," ते म्हणाले. "आश्चर्य आहे. लिहिलेलं नाही." मग माझ्या अर्जावरचं 'गाणे' खोडून त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं: 'दोन मिनिटे स्तब्धता (ध्वनियुक्त)'. आणि शिक्का मारला.

सभेच्या दिवशी हॉल भरला. पाणीपुरवठ्यातले लोक, वसाहतीतले लोक, आणि काही असे लोक की जे प्रत्येक सभेत असतात. आई पहिल्या रांगेत मधोमध. डावीकडे काकू, उजवीकडे दादा, मध्ये बोट शिरायला जागा नाही. आईनं एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. मी ध्वनिवर्धकाच्या तारा तपासायला लागले. त्या मी आधीच चार वेळा तपासल्या होत्या.

बेसकाकांनी कपाटाएवढ्या पेटीचं बटण दाबलं. फाट् असा आवाज झाला, पंखे गरगरत मंदावले, माइक मेला. फ्यूजपर्यंत पोचायला शिडी कुठे आहे यावर मागे चर्चा सुरू झाली. कुणीतरी वायरमनला बोलवा म्हणालं, कुणीतरी तो आलेलाच आहे, तिसऱ्या रांगेत बसलाय म्हणालं, आणि तिसऱ्या रांगेतून, "मी आज पाहुणा म्हणून आलोय," असं उत्तर आलं. सेक्रेटरींना हे सहन होईना. ते उठले आणि माइकशिवायच गरजले, "सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं स्तब्धता पाळावी!"

सगळा हॉल उभा राहिला. माना खाली गेल्या. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता झाली आणि त्या शांततेत ड्रमकाका सुरू झाले.

जलद. अर्थातच जलद. लोक दचकले. पण स्तब्धतेत मान वर करायची नसते, म्हणून सगळे खाली बघतच दचकले. मी त्यांना गाठायला धावले. पहिलं कडवं कसं गेलं मला आठवत नाही. आवाज माझाच होता आणि तो हॉलच्या मागच्या भिंतीवर आपटून माझ्याकडे परत येत होता, तेव्हा त्याला मीही ओळख दाखवली नाही. शेजारी बेसकाका त्यांच्या संथ चालीत वाजवत होते. वीज नसल्यानं त्यांचा एक सूरही कुणाला ऐकू येत नव्हता, त्यांच्याशिवाय. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा अतिशय समाधानी होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गाणं त्यांना हवं तसं चाललं होतं.

आणि मग आई निघाली.

काकू आणि दादाचा सगळा हिशेब माणसं बसलेली असतील असा होता. उभ्या माणसाला गुडघ्यांनी अडवता येत नाही, आणि पहिल्या रांगेच्या पुढे कुणी नसतं. आई सरळ पुढे आली, माझ्या समोरून वळली आणि बाजूच्या दाराकडे चालायला लागली. तिची ती नेहमीची चाल, एक खांदा किंचित पुढे, घाई नाही. काकूंनी मान खाली ठेवूनच तिचा पदर धरायचा प्रयत्न केला आणि पलीकडच्या बाईंची पर्स धरली. दादानं तोंड उघडलं. त्याला मी ओळखते. तो आता भर स्तब्धतेत "आई!" म्हणून हाक मारणार होता, आणि सगळ्या माना वर होणार होत्या.

मी नेमकी धृपदाच्या चौथ्या ओळीवर होते.

"हाक नको," मी दादाकडे बघून गायले.

तो थांबला. त्याला वाटलं, ओळ आहे. ओळ होतीच. मी त्याच्यावरची नजर न काढता ती पुन्हा म्हटली, धृपदात एकदाच असताना, आणि इतक्या मोठ्यानं की ड्रमकाकांच्या श्रवणयंत्रातून शिट्टी वाजली. "मी मागे राहिलो तर हाक नको." दादानं तोंड मिटलं. मग त्यानंही मान खाली घातली, आणि त्याचे खांदे हलायला लागले.

आई बाहेर गेली. दार तिनं हळूच लोटून घेतलं. शेजाऱ्यांना त्रास होणार नाही असं.

दुसरं कडवं मी खिडकीकडे बघत म्हटलं. आवारात नळापाशी एक बाक आहे, आई त्यावर जाऊन बसली होती. पाठ आमच्याकडे. सूर तिथेच कुठेतरी सुटला असणार, पण मी त्याच्या मागे गेले नाही. पुन्हा धृपद आलं. रस्ता जरी आपला एक. तू पुढे गेलास तर...

आईनं हात वर केला. वर, मग थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे. सावकाश. तिच्यासमोर नळ होता, त्यामागे कुंपणाची भिंत, आणि भिंतीवर कुणीही नव्हतं.

ड्रमकाका सगळ्यांच्या आधी संपले, मी त्यांच्यामागून, आणि बेसकाका आमच्यानंतर बराच वेळ, एकटे. सेक्रेटरींनी घड्याळ पाहून, "स्तब्धता संपली," असं जाहीर केलं आणि खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला. चष्मा त्यांच्या कपाळावर होता, तो त्यांनी तिथेच पुसला. काकू मला येऊन म्हणाल्या, की एकंदरीत बरं झालं, फक्त गाणं नको होतं.

लोक गेल्यावर मी बाकावर आईशेजारी जाऊन बसले.

"तिसरं कडवं गाळलंत," आई म्हणाली.

"म्हणजे आहे?"

"आहे की. चांगलं चार ओळींचं."

"तुला तर ते गाणं आवडत नाही."

"आवडत नाही म्हणजे पाठ नाही, असं कुठे असतं?" तिनं गुडघ्यावरची साडी नीट केली. "जलद घेतलंत फार. त्यांना नसतं आवडलं. त्यांनी हसून घेतलं असतं म्हणा."

आम्ही दोघी थोडा वेळ नळाकडे बघत बसलो. तो गळत होता. बाबा असते तर त्यांनी खिशातून दोरा काढून बांधला असता.

"मघाशी हात कुणाला करत होतीस?" मी विचारलं.

"हात?" आई म्हणाली. "डास होते."

मी तिथे बराच वेळ बसून होते. मला एकही डास चावला नाही, कानाशी एकाचीही गुणगुण झाली नाही. हे मी तिला सांगणार होते. तोंडही उघडलं होतं.

मग मिटलं. ज्याचे डास त्याला.